जायरो ऑन केला की नेम का बिघडतो? मोशन कंट्रोलची हाताला सवय लागते कशी?

मित्र सांगतो, "अरे, जायरो ऑन कर, रिकॉइल एकदम कंट्रोलमध्ये येतो." तुम्ही बीजीएमआयच्या सेटिंगमध्ये जाऊन जायरोस्कोप चालू करता. पुढच्या मॅचमध्ये समोर शत्रू दिसतो. तुम्ही नेहमीसारखा अंगठा सरकवता, त्याच वेळी हातातला फोनही थोडा हलतो आणि नेम थेट आकाशात. शत्रू तुम्हाला मारून, लूट घेऊन निघूनही जातो. दोन मॅच असं झालं की जायरो बंद. "आपल्याला नाही जमत बाबा" हा निष्कर्ष वर फुकट.

पण खरंच जमत नाही, की जमायला वेळच दिला नाही? की त्या गेमचं कंट्रोलच मुळात गंडलेलं आहे? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक जण त्या एकातच गुंडाळतात. त्या वेगळ्या करायच्या तर थोडं मागे, २०११ सालात जावं लागेल. तेव्हा एका गेमने जगभरातल्या खेळाडूंना हाच प्रश्न पाडला होता.

तलवार हातात, पण वार भलतीकडे

त्या गेमचं नाव 'द लेजंड ऑफ झेल्डा : स्कायवर्ड स्वोर्ड'. निन्टेंडोने तो नोव्हेंबर २०११ मध्ये वी या कन्सोलसाठी आणला. झेल्डा मालिका तोपर्यंत पंचवीस वर्षं जुनी होती आणि तिचे चाहते बटण दाबून तलवार चालवण्यात तरबेज होते. या गेममध्ये मात्र तलवारीचं बटणच नव्हतं. हातातला रिमोट हीच तलवार. तुम्ही हात आडवा फिरवला की पडद्यावर आडवा वार, उभा फिरवला की उभा.

आणि हे नुसतं दिखाव्यापुरतं नव्हतं. गेममधली डेकू बाबा नावाची मांसाहारी वनस्पती जबडा कधी आडवा उघडते, कधी उभा. जबडा उघडलाय त्याच दिशेने वार केला तरच ती मरते. पहिला मोठा खलनायक गिराहिम तर तुमच्या तलवारीकडे बघत हात पुढे करून उभा राहतो आणि समोरून केलेला वार चक्क बोटांत पकडतो. त्याला हरवायचं तर तलवार एका बाजूला धरून त्याचं लक्ष तिकडे न्यायचं आणि झटकन दुसऱ्या बाजूने वार करायचा. बटणं बडवून इथे काही होत नाही.

इथेच लोक अडकले. तक्रार एकच : "मी डावीकडून उजवीकडे मारतो, तो उजवीकडून डावीकडे मारतो!" काहींनी रिमोट बिघडला म्हणून दोष दिला. पण बऱ्याचदा गोम वेगळीच असायची. बॅट फिरवण्याआधी आपण ती मागे नेतो ना, तसंच तलवारीचा वार करण्याआधीही आपला हात आपोआप उलट दिशेला मागे जातो. उजवीकडे मारायचं म्हणून आधी हात जोरात डावीकडे नेला, की गेमने तोच वार समजून मोकळं व्हायचं. तुमच्या दृष्टीने ती तयारी होती, रिमोटच्या दृष्टीने तीच मुख्य हालचाल.

यावर लोक जो उपाय करतात तो नेमका उलटा असतो. वार चुकला की आपण आणखी जोर लावतो. जोर लावला की हात आणखी मागे जातो आणि चूक आणखी पक्की होते. ज्यांना हा गेम जमला ते काय करत होते? तलवार सावकाश हव्या त्या बाजूला नेऊन ठेवायची, क्षणभर थांबायचं आणि मग मनगटातून छोटा, स्वच्छ झटका. सावकाश नेलेली तलवार फक्त हाताच्या मागे फिरते, तिचा वार होत नाही. हे एकदा लक्षात आलं की अर्धी लढाई तिथेच संपते.

सेन्सरला नेमकं काय कळतं?

आपल्याला वाटतं की कंट्रोलर आपला हात 'बघतो'. तसं काही नसतं.

२००६ मध्ये वी आला तेव्हा त्याच्या रिमोटमध्ये दोन गोष्टी होत्या : अ‍ॅक्सेलरोमीटर आणि पुढच्या टोकाला एक छोटा इन्फ्रारेड कॅमेरा. अ‍ॅक्सेलरोमीटरला धक्का आणि गुरुत्वाकर्षण कळतं, म्हणजे रिमोट झटकला का आणि तो किती कललाय, एवढंच. टीव्हीजवळ ठेवायच्या पट्टीला सगळे 'सेन्सर बार' म्हणायचे, पण गंमत अशी की त्या पट्टीत सेन्सर नव्हताच. तिच्यात फक्त इन्फ्रारेड दिवे होते आणि ते बघायचं काम रिमोट करायचा. पट्टीच्या जागी दोन पेटत्या मेणबत्त्या ठेवूनही लोकांनी काम भागवलं आहे.

म्हणूनच 'वी स्पोर्ट्स'मधल्या टेनिसमध्ये घरातले काका पूर्ण कोर्टभर धावल्यासारखा हात फिरवायचे आणि सोफ्यावर पडलेला पोरगा नुसतं मनगट झटकून जिंकायचा. त्या रिमोटला तो फरक फारसा कळतच नव्हता.

२००९ मध्ये निन्टेंडोने मोशनप्लस नावाचा जोड दिला आणि त्यात जायरोस्कोप आला. स्कायवर्ड स्वोर्ड त्याशिवाय चालायचाच नाही. जायरो ही एक सूक्ष्म चिप असते. तिच्यात एक बारीकसा भाग सतत कंप पावत असतो. चिप फिरली की त्या कंपनाची दिशा किंचित ढळते आणि त्यावरून फिरण्याचा वेग मोजला जातो. वाक्यातला शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे : वेग. रिमोट कुठे आहे हे जायरोला ठाऊक नसतं. तो किती वेगाने, कोणत्या बाजूला फिरतोय एवढंच त्याला कळतं. बाकीचा हिशोब, म्हणजे आधी इथे होता, एवढा फिरला, म्हणजे आता तिथे असणार, हा गेम स्वतः मांडत बसतो.

अशा हिशोबात बारीक चुका साठत जातात. रोज दोन सेकंद पुढे जाणारं घड्याळ महिन्याभरात मिनिटभर चुकतं, तसंच. याला ड्रिफ्ट म्हणतात. वर-खाली कललेलं असेल तर गुरुत्वाकर्षणाचा आधार घेऊन ती चूक सुधारता येते. डावी-उजवीकडे वळण्याला असा आधार नसतो. म्हणून खेळताना काही वेळाने नेम हळूच एका बाजूला सरकलेला दिसतो आणि तो मधोमध आणण्यासाठी गेममध्ये एक बटण दिलेलं असतं. स्कायवर्ड स्वोर्डच्या स्विच आवृत्तीत ते 'वाय' बटण आहे. हे बटण म्हणजे गेमने चूक कबूल करणं नव्हे. सवयीच्या खेळाडूचा अंगठा ते न कळत, दर काही मिनिटांनी दाबत असतो. नवखा मात्र वाकडा नेम घेऊन तासभर भांडत बसतो.

'वी स्पोर्ट्स रिसॉर्ट' सुरुवातीला रिमोट सपाट जागेवर पालथा ठेवायला सांगायचा, तेही याचसाठी. पूर्ण स्थिर असताना येणारं रीडिंग म्हणजे शून्य, हे सेन्सरला शिकवायचं असतं.

फोनमध्येही हीच चिप असते. आयफोन ४ मध्ये ती २०१० साली आली आणि मग बाकीच्या फोनमध्ये पसरली. पण स्वस्तातल्या अनेक फोनमध्ये खरा जायरो नसतो, इतर सेन्सरवरून अंदाज बांधणारा 'व्हर्च्युअल जायरो' असतो. तुमचा फोन तसा असेल तर हालचाल अडखळत आणि उशिरा पोहोचते आणि कितीही सराव केला तरी मजा येत नाही. सराव सुरू करण्याआधी फोनच्या स्पेसिफिकेशनमध्ये जायरो आहे का, हे बघून घ्या. सोपी परीक्षा आणखी एक : गेम चालू ठेवून फोन टेबलावर ठेवा. नेम आपोआप सरकत असेल तर दोष तुमच्या हाताचा नाही.

रेग्युलेटर आणि दार

आता मूळ अडचण. स्टिकवर किंवा अंगठ्याने खेळणाऱ्याला जायरो इतका परका का वाटतो?

कंट्रोलरची स्टिक ही पंख्याच्या रेग्युलेटरसारखी असते. तुम्ही ती ढकलून धरली की कॅमेरा फिरतच राहतो. स्टिक किती ढकलली यावरून ठरतो तो फिरण्याचा वेग. थांबायचं असेल तर स्टिक सोडावी लागते आणि ती नेमकी केव्हा सोडायची हे अंगठ्याला वर्षानुवर्षांच्या सरावाने कळलेलं असतं.

जायरो हा दारासारखा आहे. जेवढं ढकलाल तेवढंच उघडतं आणि तिथेच थांबतं. मनगट दहा अंश वळवलं की नेम त्या प्रमाणात वळला, विषय संपला. संगणकाचा माऊसही याच जातीचा. म्हणून माऊसवर खेळणाऱ्यांना जायरो लवकर उमगतो आणि स्टिकवाल्यांचा गोंधळ होतो. ते मनगट वळवून 'धरून ठेवतात' आणि कॅमेरा पुढे का फिरत नाही म्हणून आणखी वळवतात. शेवटी कंट्रोलर तिरका, मान तिरकी आणि नेम तरी कुठेच नाही.

डोक्याला हे समजणं दोन मिनिटांचं काम आहे. हाताला समजायला दिवस लागतात. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण गेमच्या बाहेरचं आहे. 'स्मार्टर एव्हरी डे' हा यूट्यूब चॅनल चालवणारे अमेरिकन इंजिनिअर डेस्टिन सँडलिन यांना एक सायकल मिळाली होती. तिचं हँडल डावीकडे वळवलं की चाक उजवीकडे जायचं. बाकी सगळं नेहमीसारखं. कसं चालवायचं हे त्यांना पहिल्याच क्षणी कळलं होतं, पण चालवता यायला आठ महिने लागले. त्यांच्या लहान मुलाला मात्र सुमारे दोन आठवड्यांत जमलं. पुढे साधी सायकल चालवायला गेले, तर तीही येईना! वीसेक मिनिटं धडपडल्यावर जुनी सवय परत आली. २०१५ चा हा व्हिडिओ अजूनही फिरत असतो.

जायरो एवढा निर्दयी नाही, कारण तो काही उलटा चालत नाही. पण सायकलची गोष्ट एक सांगते : माहिती असणं आणि हाताला येणं या मेंदूतल्या वेगळ्या गोष्टी आहेत. ट्युटोरियल व्हिडिओ पाहून दुसरी मिळत नाही. आणि वर्षानुवर्षं खेळणाऱ्याला नवख्यापेक्षा जास्त त्रास होतो, कारण त्याला आधी जुनं बाजूला ठेवायचं असतं. पहिल्याच दिवशी तुमची धाकटी बहीण तुमच्यापेक्षा बरं खेळली तर मनाला लावून घेऊ नका.

मग सवय लावायची कशी?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जुनं कंट्रोल पूर्ण सोडून देणं. जायरो हा स्टिकची किंवा अंगठ्याची जागा घेण्यासाठी नसतो. मोठं वळण अंगठ्याने घ्यायचं, शेवटची बारीक सुधारणा मनगटाने करायची. निन्टेंडोच्या 'स्प्लॅटून'ने २०१५ मध्ये हीच वाटणी केली : आडवं फिरायला स्टिक आणि नेम साधायला कंट्रोलर हलवणं. अनेक खेळाडूंनी पहिल्या दिवशी नाक मुरडून जायरो बंद केला आणि नंतर परत चालू केला. आज त्या गेमच्या वरच्या पातळीवर जायरोशिवाय खेळणारे क्वचितच दिसतात.

बीजीएमआयमध्ये जायरोला तीन पर्याय आहेत : बंद, फक्त स्कोप उघडल्यावर आणि नेहमी चालू. सुरुवात मधल्यापासून करा. धावताना, लूट घेताना सगळं जुन्यासारखं राहतं आणि स्कोप उघडल्यावरच मनगटाला काम मिळतं. एका वेळी एकच नवीन गोष्ट.

फोन म्हणजे हातात धरलेली खिडकी, असं समजा. खिडकीची पाठ जिकडे, तिकडे नेम. बंदूक चालू असताना रिकॉइलने नेम वर चढतो. तो खाली आणायचा तर फोनची वरची कड किंचित आपल्यापासून दूर झुकवायची. किंचित म्हणजे खरंच किंचित. ट्रेनिंग ग्राउंडमध्ये भिंतीसमोर उभं राहून, एकच बंदूक आणि एकच स्कोप घेऊन गोळ्यांचा ठिपका एकाच जागी राहतो का, एवढंच बघत बसा. कंटाळवाणं आहे, पण रँक्ड मॅचमध्ये शिकण्यापेक्षा बरं. तिथे जीव वाचवायच्या घाईत हात जुन्याच सवयीकडे पळतो.

सेन्सिटिव्हिटीबद्दल एक उलटं वाटणारं सत्य. नवखे घाबरून ती अगदी कमी ठेवतात. टीव्हीसमोर कंट्रोलर धरून खेळताना ते चालून जातं, कारण हात कितीही वळला तरी टीव्ही जागेवर असतो. फोनवर पडदाच हातात आहे! सेन्सिटिव्हिटी कमी असेल तर नेम वळवायला फोन एवढा फिरवावा लागतो की पडदा डोळ्यांसमोरून जातो. म्हणूनच रेड डॉटला ३०० टक्क्यांच्या आसपास आकडा ठेवणारे खेळाडू सर्रास भेटतात. मोठ्या स्कोपला तो उतरत जातो. यूट्यूबवरच्या कुणा स्ट्रीमरचे आकडे जसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही, कारण त्याचा फोन, त्याची पकड आणि त्याचा सेन्सर वेगळा असतो. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक हरलेल्या मॅचनंतर आकडा बदलणं. हात एका प्रमाणाचा अंदाज घेत असतो आणि तुम्ही मध्येच मापाची पट्टीच बदलता. एक आकडा निवडा आणि निदान आठवडाभर त्याला हात लावू नका.

सराव रोज पंधरा-वीस मिनिटं, पण रोज. रविवारी सलग पाच तास बसण्यापेक्षा हे चांगलं, कारण हाताचं शिकणं झोपेतही पक्कं होत असतं. आदल्या रात्री न जमलेली गोष्ट सकाळी सहज जमते, हा अनुभव पेटी किंवा टायपिंग शिकलेल्यांनाही असेल.

बसण्याची पद्धत तेवढीच महत्त्वाची. कोपर टेकवलेलं हवं, म्हणजे हालचाल मनगटापुरती राहते. कुशीवर झोपून खेळलात तर वर-खाली आणि डाव्या-उजव्याची सरमिसळ होते. आणि एसटीत घाटातून जाताना जायरो लावून खेळू नका. बस वळली की फोनही वळतो आणि सेन्सरला ते तुमचं मनगट आहे की ड्रायव्हरचं स्टिअरिंग, हे कळायचा मार्ग नाही.

हात दुखला तर

वी आल्यावर काही आठवड्यांतच रिमोट हातातून सुटून टीव्हीवर आदळल्याच्या बातम्या आल्या. डिसेंबर २००६ मध्ये निन्टेंडोने सुमारे ३२ लाख रिमोटच्या दोऱ्या बदलून जाड दोऱ्या दिल्या. २००७ मध्ये तर 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात 'वी-आयटिस' नावाच्या दुखण्याचं पत्रच छापून आलं. एका २९ वर्षांच्या तरुण डॉक्टरचा उजवा खांदा सकाळी उठल्यावर भयंकर दुखत होता. कारण? आदल्या दिवशी नव्या वीवर कित्येक तास टेनिस. उपचार काय, तर आठवडाभर वेदनाशामक गोळ्या आणि वी पूर्ण बंद.

किस्सा मजेशीर असला तरी मुद्दा खरा आहे. चुकायला लागलो की आपण जोर लावतो आणि पकड आवळतो. मनगट किंवा खांदा दुखायला लागला तर तो सरावाचा भाग मानू नका, तिथेच थांबा.

कधी कंट्रोलच वाईट असतं

सगळा दोष खेळाडूवर ढकलणंही बरोबर नाही. २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ वर 'लेअर' नावाचा गेम आला. ड्रॅगनवर बसून लढायचं आणि ड्रॅगन वळवायला कंट्रोलर वाकडा करायचा. दुसरा पर्यायच नव्हता. लोक इतके वैतागले की पुढच्या वर्षी अपडेट देऊन स्टिकने उडवायची सोय करावी लागली. २०१६ चा 'स्टार फॉक्स झिरो' वेगळ्या कारणाने गाजला : विमान टीव्हीवर बघायचं आणि नेम हातातल्या गेमपॅडच्या पडद्यावर. नजर सतत वर-खाली. काहींना ते भावलं, बहुतेकांना नाही.

माझ्या मते फरक ओळखायची एक साधी कसोटी आहे. तीच हालचाल दहा वेळा करा. दहाही वेळा सारखाच, भले चुकीचा, परिणाम येत असेल तर ते शिकता येण्यासारखं आहे, हाताला वेळ द्या. त्याच हालचालीला गेम कधी असा, कधी तसा वागत असेल तर हाताने शिकायचं तरी काय? तिथे वेळ घालवू नका. आणि ज्यांचे हात थरथरतात, किंवा जे एकाच हाताने खेळतात, त्यांच्यासाठी ही कसोटीही गैरलागू आहे. त्यांना दुसरा पर्याय मिळायलाच हवा.

स्कायवर्ड स्वोर्डला तो पर्याय मिळायला दहा वर्षं लागली. जुलै २०२१ मध्ये स्विचवर आलेल्या एचडी आवृत्तीत रिमोट न हलवता, उजवी स्टिक हव्या त्या दिशेला ढकलून वार करता येतो. पण त्यातही गंमत झाली. बाकीच्या बहुतेक गेममध्ये उजवी स्टिक कॅमेरा फिरवायला असते. इथे कॅमेऱ्यासाठी आधी 'एल' बटण दाबून धरावं लागतं. त्यामुळे मोशन नको म्हणून स्टिककडे वळलेले खेळाडूही पहिले काही तास इकडेतिकडे बघायला जायचे आणि उगाच हवेत तलवार चालवायचे.

एकदा जायरो हातात बसला की उलटा त्रास सुरू होतो. एक्सबॉक्सच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये जायरो नाहीच. तो हातात घेतलेला स्प्लॅटूनचा खेळाडू लांबून ओळखू येतो : शत्रू दिसला की कंट्रोलर हळूच तिरका करतो, काहीच होत नाही, मग आठवतं.